हाऊ दगड कठला शे?

१९९८ च्या उन्हाळ्यात नानांनी बोरी नदीकाठच्या शेतातली विहीर खोल करायला घेतली. त्रेचाळीस फुटांवर काळा पाषाण संपला आणि मांजऱ्या लागला. पांढऱ्या ठिपक्यांचा, भोकाभोकांचा खडक. दुपारी सुरुंग उडाला, धूर बसला आणि वर आलेल्या पहिल्याच पाटीत माणसाच्या डोक्याएवढी एक ढेप होती. आतून पोकळ. पोकळीच्या भिंतीला फिकट गुलाबी स्फटिकांच्या जुड्या, कडब्याची पेंढी कमरेत आवळून बांधावी तशा, आणि त्यांच्यावर बसलेले हिरवट, काचेसारखे चौकोनी खडे. विहिरीत उतरलेला माणूस वर आला, धोतराला हात पुसून त्याने ती ढेप उन्हात फिरवून पाहिली आणि म्हणाला, "हिरा नही शे, पन देवनं काम शे."

आठ दिवसांनी एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. दोन पाट्या दगडांचे त्याने तीनशे रुपये दिले. नानांना पाणी हवं होतं, दगडांचे पैसे त्यांना सापडल्यासारखे वाटले. त्यातले पन्नास त्यांनी विहिरीवरच्या माणसांना चहापाण्याला दिले. कवठाएवढा एक तुकडा मी कोठीत लपवून ठेवला होता, तेवढाच घरात राहिला.

अकरा वर्षांनी मुंबईतल्या एका प्रदर्शनात काचेच्या कपाटात मला अगदी तसाच जोड दिसला. तीच गुलाबी पेंढी, तोच हिरवा खडा. खालच्या चिठ्ठीवर दोनच शब्द होते: ॲपोफिलाइट, पुणे. मी दुकानदाराला विचारलं, हा पुण्याचा कसा? त्याने सरळ सांगितलं की माल पारोळा-एरंडोल भागातून आला आहे, पण गिऱ्हाईकाला पुणे माहीत असतं, फार तर जळगाव. मी किंमत विचारली नाही. त्या दोन शब्दांनीच जीव तळमळला.

तेव्हापासून मी दगड जमवतो, बदलतो, कधी विकतो, कधी विकत घेतो. या व्यवहाराविरुद्ध मी लिहीत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की दगड हातातून जाताना त्याचं गाव त्याच्यासोबत गेलं पाहिजे. गाव लपवून किंवा बदलून विकलेला दगड ही फसवणूक आहे, भाव कितीही रास्त लावलेला असो. आणि या फसवणुकीत सगळ्यांत जास्त बुडतो तो खान्देश.

हे असं का, ते समजायला खडकापाशी जावं लागतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर आले. प्रत्येक थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकले आणि थंड झालेल्या खडकात पोकळ्या राहिल्या. मग लाखो वर्षं त्यांत खनिजं विरघळलेलं कोमट पाणी झिरपत राहिलं. बहुतेक ठिकाणी आधी कॅल्सेडनीचा, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडाचा, पातळ लेप बसला, मग ह्यूलंडाइट, स्टिलबाइट (आमच्या ढेपेतली गुलाबी पेंढी), त्यावर ॲपोफिलाइट, शेवटी कॅल्साइट. हा क्रम, हे रंग, स्फटिकांची ही ठेवण दर दहा-वीस कोसांवर बदलते. ॲपोफिलाइटला हिरवेपणा येतो तो किंचित व्हॅनेडियम धातूमुळे, आणि ते व्हॅनेडियम एका गावच्या खडकात असतं, शेजारच्या गावात नसतं. एक पोकळी म्हणजे तिथल्या पाण्याने लिहिलेली वही. ती कुठल्या गावची, किती खोलीवरची, हे पुसलं तर उरते ती शोभेची वस्तू. अभ्यासकाला तिचा काडीचा उपयोग नाही.

आणि ती पुन्हा मिळत नाही. विहीर बांधली की खडक झाकला जातो. खाण पाण्याने भरते, नाहीतर तिच्यावर वसाहत उठते. पुण्याच्या पाषाण भागातल्या हिरव्या ॲपोफिलाइटचं नाव जगभर झालं, आणि तिथे आता शहर आहे. वाघोलीच्या खाणींतल्या निळ्या कॅव्हन्साइटला जगात तोड नाही, आणि ते वाघोलीचं आहे हे सगळ्यांना माहीत आहे, कारण पहिल्यापासून चिठ्ठीवर वाघोली लिहिलं गेलं. आपल्याकडे तसं नाव फक्त सावद्याला थोडंफार मिळालं. बाकीचा सगळा खान्देश, जामनेरपासून साक्रीपर्यंत, "जळगाव" या एका शब्दात कोंबला जातो. धुळे-नंदुरबारकडे तर खडकाची तऱ्हाच वेगळी. जुने थर चिरत पूर्व-पश्चिम गेलेल्या कठीण दगडाच्या भिंती, म्हणजे डाइक, तिथे मैलोन्‌मैल दिसतात. साक्रीच्या माळावर उभं राहिलं तर त्या बांध घातल्यासारख्या आडव्या पसरलेल्या दिसतात. तिथला दगड जळगावचा म्हणून विकणं म्हणजे त्याचे आईबाप बदलणं.

त्याच जळगावच्या सराफ बाजारात सोनं कसं विकलं जातं ते पाहा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर अंक आणि अक्षरांचा सहा स्थानी ओळख क्रमांक असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. सोनं वितळवून पुन्हा घडवता येतं, एक ग्रॅम दुसऱ्या ग्रॅमसारखाच असतो, तरी त्याची एवढी ओळख आपण मागतो. स्फटिक वितळवता येत नाही, त्याच्यासारखा दुसरा नसतो, आणि तो आपण वर्तमानपत्रात गुंडाळून बिनचिठ्ठीचा देतो.

यावर पहिला आक्षेप व्यापाऱ्यांचा आहे आणि तो खोटा नाही. ते म्हणतात, आम्ही टेम्पो घेऊन आलो नसतो तर तुमच्या पेंढ्या खडी क्रशरमध्ये गेल्या असत्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. महामार्गाचं रुंदीकरण चालू असताना एका खाणीवर स्टिलबाइटने गच्च भरलेली, बैलगाडीच्या चाकाएवढी पोकळी जेसीबीने उचलून सरळ क्रशरच्या तोंडात टाकली. मी धावत जाईपर्यंत पांढरा भुगा उडाला होता. भोर घाटात रेल्वेचा मार्ग खोदला गेला तेव्हा निघालेले स्फटिक परदेशी संग्रहालयांत पोचले, तेही कोणीतरी उचलले आणि किंमत दिली म्हणूनच. ज्याला किंमत असते ती गोष्ट माणूस जपून काढतो. म्हणून खरेदी-विक्री बंद करा, सगळं सरकारजमा करा, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. बंदी आली तर खाणीवरचा माणूस पोकळी दिसताच तिच्यावर घण घालील, कारण ती त्याच्या डोक्याला ताप होईल.

पण त्याच व्यापाऱ्यांना माझा उलटा प्रश्न आहे. दगड वाचवलात, मग त्याचं नाव वाचवायला एक चिठ्ठी आणि एक पेन लागलं असतं. ते का नाही केलं?

याचं उत्तर मला अनेकांनी खासगीत दिलं आहे: गाव सांगितलं तर दुसरा व्यापारी तिथे पोचतो, किंवा तलाठी. पहिल्या भीतीवर तोड निघते. चिठ्ठीवर तालुका, गावाचं शिवार, विहीर की खाण, खोली आणि महिना-वर्ष लिहा. गट क्रमांक स्वतःच्या वहीत ठेवा आणि काम संपल्यावर, दोन-चार वर्षांनी, उघड करा. परदेशातले जुने संग्राहकही नवी जागा काही काळ राखून ठेवतात. पण राखून ठेवणं वेगळं आणि खोटं गाव लिहिणं वेगळं. राखलेलं पुढे सांगता येतं. चिठ्ठीवर एकदा "पुणे" पडलं की ते कोणी खोडत नाही.

दुसरी भीती जास्त खरी आहे, आणि तिचं मूळ नियमांत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या ४८ व्या कलमात, जिथे हक्क दुसऱ्या कोणाला दिलेला नाही तिथल्या खनिजांवर राज्याचा हक्क सांगितला आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्राने ३१ खनिजं गौण खनिजांच्या यादीत घातली, त्यांत अकीक, जास्पर, कॅल्साइट आहेत. गौण खनिजाचा हिशोब महसूल खात्यात ब्रासने होतो, आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वाळू, मुरूम, खडी यांच्यासाठी ते माप बरोबरच आहे, आणि गिरणेची वाळू ज्या तऱ्हेने लुटली गेली ते पाहता दंडही कडकच हवा. पण ओंजळीत मावणारा स्फटिक ब्रासने मोजायचा कसा? स्वतःच्या शेतात पाण्यासाठी विहीर खोदणाऱ्याला तो सापडला तर त्याने काय करायचं? त्याला पंचनाम्याची भीती वाटते, म्हणून तो गप्प राहतो. व्यापारी गप्प घेऊन जातो आणि गाव तिथेच पुरलं जातं.

माझी सरकारकडे मागणी लहान आहे. विहीर, रस्ता, पाया अशा रीतसर खोदकामात जे नमुने निघतील त्यांची ग्रामपंचायतीत एका पानाची नोंद व्हावी: गट क्रमांक, खोली, तारीख, जमीनमालक, आणि ज्याच्या हातून दगड निघाला त्या माणसाचं नाव. नोंदीची नक्कल दगडासोबत जावी आणि तेवढ्या दगडाची वाहतूक व विक्री कायदेशीर धरली जावी. केवळ स्फटिकांसाठी डोंगर पोखरायला मात्र मुभा नको. आणि दर खोदकामातला एक नमुना जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जावा. एक कपाट पुरेल. सिन्नरला एका माणसाच्या ध्यासातून गारगोटी संग्रहालय उभं राहिलं, ते बघायला आपल्या शाळांच्या सहली जातात. मुलं तिथले खडे बघून हरखतात आणि आपल्या बांधावर तेच पडलेलं असतं हे त्यांना कोणी सांगत नाही.

नोंदीत विहिरीवरच्या माणसाचं नाव मी मुद्दाम घातलं आहे. दगडाची किंमत दर हाताला वाढत जाते आणि पहिल्या हाताला चहापाणी मिळतं. दोराला लोंबकळत खाली जाऊन, न फुटलेल्या सुरुंगाचा धोका पत्करून, छिन्नीने कडेकडेने कोरून पोकळी अखंड काढणारा माणूस नुसता मजूर नसतो, त्याच्या हाताला कसब असतं. घणाचा एक घाव चुकला तर हजारांचा दगड मातीमोल होतो. मालक आणि तो यांनी वाटा आधी ठरवावा. माझ्या ओळखीतल्या दोन-तीन शेतकऱ्यांनी निम्मे-निम्मे ठरवलं, आणि त्या विहिरींतून निघालेले नमुने मी पाहिलेल्यांत सगळ्यांत धड आहेत.

दोन गोष्टी मात्र विकायच्याच नाहीत. यावल अभयारण्यात किंवा गौताळ्याच्या जंगलात सापडलेला दगड उचलू नका. १९२७ च्या वन कायद्यात जंगलातला दगड आणि खनिज हेसुद्धा वनोपज आहे. आणि दगडी हत्यारं. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ साळी यांनी उत्खनन केलं, तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचीचे मणी निघाले आणि कॅल्सेडनी, जास्परची बारीक पाती निघाली. हजारो वर्षांपूर्वी इथल्या माणसाला चांगला दगड कुठला हे कळत होतं. तशी पाती आजही नदीकाठच्या शेतांत नांगराला लागतात. गारगोटीचा सुंदर तुकडा म्हणून ती गोळा करून शंभराला दहा विकणारे मी पाहिले आहेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने अशा वस्तूंच्या विक्रीला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. कायदा बाजूला ठेवला तरी, पातं जागेवरून हललं की त्याचं बोलणं बंद होतं.

हौशी लोकांच्या आपापसातल्या अदलाबदलीकडे येतो, कारण तिथे सरकार नाही, व्यापारी नाही, आपणच आहोत. भंडाऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांशी माझी बारा वर्षं देवाणघेवाण आहे. त्यांच्याकडून निळं कायनाइट आणि मँगेनीजचं खनिज येतं, माझ्याकडून स्टिलबाइट आणि स्कोलेसाइट जातं. पहिल्या पार्सलात त्यांनी प्रत्येक दगडाबरोबर पोस्टकार्डाच्या आकाराची चिठ्ठी घातली होती: कुठून, कधी, कोणाकडून, कुठे तुटलं आहे, काय चिकटवलं आहे. शेवटची ओळ वाचून मी थक्क झालो. चिकटवलेलं आहे हे आपण होऊन सांगणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. बाजारात इपॉक्सीने बसवलेले ॲपोफिलाइटचे खडे सर्रास असतात. अतिनील दिव्याखाली डिंकाची कड बहुतेक वेळा चमकते, पण गावाकडच्या नवशिक्या मुलाकडे तो दिवा कुठून येणार? रंगवलेला अकीक, रंगवलेलं ओकेनाइट, भट्टीत पिवळा करून सिट्रीन या पिवळ्या खड्याच्या नावाने विकलेला जांभळा ॲमेथिस्ट, हेही तसंच. रंगवायला माझी ना नाही, रंगवलंय हे सांगायला हवं.

पाठवण्याचंही एक शास्त्र आहे. खान्देशात कापसाला तोटा नाही, म्हणून मी सुरुवातीला सगळं कापसात गुंडाळायचो. स्कोलेसाइटच्या सुयांत तंतू असे अडकले की सोडवताना अर्ध्या सुया मोडल्या. आता तसा नमुना तळाशी घट्ट बसवून, वरचं अंग मोकळं ठेवून, डब्यात डबा घालून पाठवतो. ॲपोफिलाइटला तापलेल्या काचेशी उन्हात ठेवू नये आणि कॅल्साइट काढायच्या नादात झिओलाइट, म्हणजे स्टिलबाइट-स्कोलेसाइटच्या कुळातली खनिजं, आम्लात बुडवू नये, हे घेणाऱ्याला लिहून द्यावं. देणाऱ्याला जे माहीत आहे ते घेणाऱ्याचं आहे.

हाच नियम यंत्रांना जास्त कडकपणे लागू व्हायला हवा, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे. तापीच्या गोट्यांत अकीक, जास्पर भरपूर. ते कापायला, घासायला, झिलई द्यायला अलीकडे खान्देशातली पोरं जुनी यंत्रं घेतात. सुरतेत नंदुरबार-धुळ्याची माणसं पुष्कळ आहेत, तिथल्या हिऱ्याच्या कारखान्यांतून मोडीतली घंटी, म्हणजे हिरे घासायचं यंत्र, स्वस्तात मिळते. ती हिऱ्यासाठी बनलेली, अकिकाच्या कामाची नाही, हे विकणारा सांगत नाही. मीही एकदा जुना कापायचा सॉ एका हौशी माणसाकडून घेतला. मोटर रिवाइंड केलेली, अर्थिंगची तार तोडलेली, पाण्याची ट्रे गंजून भोक पडलेली, डायमंड ब्लेडवरचं झाकण काढून टाकलेलं. यातलं काहीही त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पहिल्याच दिवशी ओल्या हाताला झटका बसून मी भिंतीवर आपटलो. ट्रे गळते म्हणून पुढचे पंधरा दिवस मी कोरडंच कापलं. खोलीभर धूळ. रात्री खोकला यायचा. थंडी लागली असेल, असं आई म्हणायची.

अकिकाची धूळ म्हणजे सिलिका. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात बसतात आणि परत निघत नाहीत. खंभातजवळच्या शकरपूरला घरोघरी अकीक घासणाऱ्या कुटुंबांत सिलिकोसिसने माणसं गेली, ही देशभर गाजलेली गोष्ट आहे. या रोगाला औषध नाही. आपण हौशी लोक आठवड्यातून दोन दिवस करतो म्हणून सुटू, असं समजू नका. बंद खोलीत, कोरड्या चाकावर, तेही बायको-मुलं शेजारी बसलेली असताना, पुष्कळ धूळ होते. म्हणून जुनं यंत्र विकताना पाण्याची धार चालू असल्याचं दाखवून विकावं, अर्थिंग तपासून द्यावं, झाकण बसवून द्यावं आणि सोबत चांगला श्वसन-मास्क द्यावा. गळ्यातला रुमाल मास्क नव्हे. हे जो करणार नाही त्याने यंत्र भंगारात घालावं. नवशिक्याला माझा सल्ला टंबलरपासून, म्हणजे गोल फिरणाऱ्या पिंपापासून, सुरुवात करण्याचा आहे. पिंपात पाणी, गोटे आणि सिलिकॉन कार्बाइडची पूड, ८० नंबरच्या जाड पुडीपासून बारीक पुडीकडे चढत जायचं, एकेका टप्प्याला आठवडा. महिनाभर थांबावं लागतं, पण काम सगळं ओलं असतं आणि गिरणेचा मळकट गोटा शेवटी मधासारखा पारदर्शक निघतो. उरलेला गाळ मोरीत ओतू नका, सिमेंटसारखा बसतो.

भाव किती असावा, यावर मला फार बोलायचं नाही. देणारा-घेणारा पाहून घेतील.

आमच्याकडे अनोळखी माणूस दारात आला की बसायला घोंगडी टाकता टाकता विचारतात, "कोनता गावना शेतस भाऊ?" गाव कळलं की त्याचे नातेवाईक निघतात, ओळख लागते, मग पाणी येतं. दगडालाही पहिला प्रश्न तोच हवा, हाऊ दगड कठला शे? विकत घेणाऱ्याने तो विचारला आणि उत्तर न मिळाल्यास दगड खाली ठेवला, तर चिठ्ठ्या आपोआप लिहिल्या जातील. कायद्याची वाट बघायची गरज नाही.

मागच्या दिवाळीत भंडाऱ्याच्या गुरुजींनी माझा तो कवठाएवढा तुकडा पाहायला मागितला. देण्यासाठी नव्हे, फक्त पाहायला. मी फोटो आणि चिठ्ठी पाठवली: पारोळा तालुका, बोरीकाठ, विहीर, त्रेचाळीस फूट, मे १९९८. त्यांचा उलट फोन आला. सगळं आहे, म्हणाले, पण काढला कोणी?

मला नाव आठवेना. नाना आता नाहीत. मी गावी गेलो, पाराजवळच्या म्हाताऱ्यांना विचारत फिरलो. तिसऱ्या दिवशी एका घरी पत्ता लागला. माणूस गेलेला, मुलगा साखर कारखान्यावर तोडीला. सुनेने नाव सांगितलं, आणि आपल्या सासऱ्याने कुठल्याशा विहिरीत हिरवे खडे पाहिल्याची गोष्ट नातवंडांना शंभरदा सांगितली होती, तेही सांगितलं. मी तुकडा पिशवीत नेला होता. तो तिच्या हातात दिला. तिने तो उन्हात धरून फिरवला. तिथेच, तिच्या ओट्यावर बसून, चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मी ते नाव लिहिलं.